बायोफिल्टरमध्ये टोल्युइन नेमका कोणता बॅक्टेरिया खातो, हे कसं ओळखायचं?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की पेंटच्या वासासाठी लावलेल्या बायोफिल्टरमधल्या (कंपोस्टमधल्या जंतूंकडून वासाचा गॅस खाऊन घेणारा फिल्टर) कंपोस्टचं 16एस सिक्वेन्सिंग (एका ठराविक जीनवरून बॅक्टेरियाची ओळख) केलं, सुडोमोनास हा बॅक्टेरिया सगळ्यात जास्त निघाला, मग टोल्युइन (पेंटमधलं वासाचं सॉल्व्हंट) तोच खातो असं थिसिसमध्ये लिहू का. नका लिहू. सिक्वेन्सिंगमधून तिथे कोण आहे एवढंच कळतं, काम कोण करून राहिलं ते नाही कळत. लग्नातली गर्दी पाहून स्वयंपाक कोणी केला हे सांगता येतं का? कंपोस्टमध्ये बरेच जंतू तर कंपोस्टच खाऊन जगत असतात, त्यांचा तुमच्या गॅसशी काही संबंध नसतो. आणि प्लेटवर वाढवून बघायचं म्हटलं तर बहुतेक जंतू प्लेटवर येतच नाहीत.

यासाठी स्टेबल आयसोटोप प्रोबिंग करतात, सगळे एसआयपी म्हणतात. निसर्गातल्या कार्बनमध्ये कार्बन-13, म्हणजे कार्बनचाच थोडा जड प्रकार, फक्त 1.1 टक्का असतो, त्यामुळे ज्याचे सातही कार्बन 13 आहेत असं टोल्युइन दिलं की जो खाईल आणि त्यावर वाढेल त्याचा नवा डीएनए जड होतो. मग डीएनए काढून सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अल्ट्रासेंट्रिफ्यूजला (अतिशय वेगाने फिरवणारं यंत्र) दीड-दोन दिवस फिरवायचा, जड खाली हलका वर, आणि थर वेगळे करून जड थराचं सिक्वेन्सिंग. मेसेल्सन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी 1958 साली नायट्रोजन-15 घेऊन हेच तंत्र वापरलं होतं, आणि 2000 साली कार्बन-13 मिथेनॉल देऊन मातीतले जंतू यानेच ओळखले. कार्बन-13 रेडिओअॅक्टिव्ह नाही, त्यामुळे कार्बन-14 सारखी परवानग्यांची भानगड नाही.

आता खरी अडचण ऐका. पूर्ण जड झालेला डीएनए साध्यापेक्षा जेमतेम 0.036 ग्रॅम प्रति मिली जड असतो, आणि ज्याच्या डीएनएत जीसी (ग्वानिन आणि सायटोसिन ही अक्षरं) जास्त त्याचा डीएनए टोल्युइन न खाताही जवळपास तेवढाच खाली बसतो, स्ट्रेप्टोमायसिससारख्या बॅक्टेरियाचा तर हमखास. म्हणून साधं टोल्युइन दिलेली जोडीची बाटली लागतेच, दोन्हीचे थर शेजारी ठेवून फरक बघायचा, कंट्रोलशिवाय केलेल्या एसआयपीवर माझा तरी विश्वास नाही. दुसरं म्हणजे वेळ. जास्त दिवस ठेवलं की टोल्युइन खाणाऱ्याने सोडलेलं आणि त्याचे मेलेले पेशी खाऊन दुसरेही जड होतात, आणि तुम्ही भलत्यालाच श्रेय देता. कमी ठेवलं तर डीएनए पुरेसा जड होत नाही, पेशी विभागायला हव्यात ना. घाई असेल तर आरएनए घ्या, तो लवकर लेबल होतो. थोड्या थोड्या वेळाने सॅम्पल काढा, जो सगळ्यात आधी जड होतो त्याच्यावर लक्ष ठेवा. आणि टोल्युइनचं प्रमाण फिल्टरमध्ये असतं तेवढंच ठेवा, पटकन रिझल्ट यावा म्हणून दहापट ओतलं तर दुसराच कोणीतरी वाढतो.

बेडच्या, म्हणजे फिल्टरमधल्या कंपोस्टच्या थराच्या, एकाच जागेचं सॅम्पलही घेऊ नका, गॅस आत येतो तिथे टोल्युइन भरपूर, बाहेर पडतो तिथे नावाला, दोन्हीकडची मंडळी वेगळी असू शकते. आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात, 45 अंशात, बेड वाळतो हे तुम्हाला सांगायला नको. वाळलेल्या आणि आंबट झालेल्या बेडमध्ये टोल्युइन बऱ्याचदा बुरशी खाते, एक्सोफियालासारखी, आणि ती तुमच्या 16एसमध्ये दिसणारच नाही! जड थरावर आयटीएस (बुरशी ओळखायचं सिक्वेन्सिंग) पण लावा, हे फार लोक विसरतात.

नागपूरच्या भांडेवाडीसारख्या सांडपाण्याच्या ठिकाणचा हायड्रोजन सल्फाइडचा फिल्टर असेल तर मात्र टोल्युइनवाला हिशोब चालत नाही, गॅसमध्ये कार्बनच नाही. तिथले थायोबॅसिलस बॅक्टेरिया कार्बन हवेतून घेतात म्हणून लेबल केलेला कार्बन डायऑक्साइड द्यावा लागतो.

लेबलवालं टोल्युइन महाग पडतं. म्हणून आधी साध्या टोल्युइनवर बंद बाटल्यांमध्ये ट्रायल घ्या, गॅस क्रोमॅटोग्राफवर (गॅस मोजायचं यंत्र) बघा किती तासात संपतं, त्यावरून सॅम्पलच्या वेळा ठरवा, मगच ऑर्डर द्या. अल्ट्रासेंट्रिफ्यूज तुमच्या कॉलेजात नसेल तर गाइडला सांगून नीरीत (नागपूरची पर्यावरण संशोधन संस्था) किंवा विद्यापीठात विचारा, पण रोटर (नळ्या धरून फिरणारा भाग) व्हर्टिकल आहे का ते पहिल्याच फोनवर विचारून घ्या, त्यात थर लवकर बसतात.