कंबरेत गाठी किती?

प्रश्न : श्रीलंकेत रत्नपुराजवळच्या जंगलात एका कुजक्या काटकीत इवल्या पिवळसर मुंग्या दिसल्या. पाठीवर दोन काटे होते, दोघी-तिघींची डोकी मोठी होती. सोबत फोटो पाठवतो आहे. ही तिथली दुर्मीळ ‘अन्यूरेटस’ असेल का? आणि नवीच जात निघाली तर?

उत्तर : तुमचा फोटो मोठा करून दोनदा पाहिला. तो वरून काढलेला आहे, आणि सगळं जिच्यावर ठरतं ती कंबरच त्यात दिसत नाही.

पिवळा रंग, पाठीवरचे काटे, मोठ्या सैनिक मुंग्या, हे सगळं ‘फायडोले’ या अगदी सामान्य मुंग्यांतही असतं. त्यांना बाजूने भिंगाखाली धरा. वक्ष आणि पोट यांच्यामध्ये एकापाठोपाठ एक अशा दोन गाठी दिसल्या, तर ती फायडोले. अन्यूरेटसला गाठ एकच, तीही लांब, बारीक दांड्याच्या टोकाला. मला आजही ती कंबर पाहताना हात थांबवावा लागतो, इतकी ती नाजूक आहे. मुंगी जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरची, पण नांगी चांगली भक्कम. एकाच गाठीच्या बहुतेक ओळखीच्या घरमुंग्यांना अशी नांगी नसते, म्हणून ही जोडी लक्षात ठेवा.

एवढा आटापिटा कशासाठी? कारण अन्यूरेटस सायमोनी ही तिच्या उपकुळातली (मुंग्यांच्या कुळाच्या एका शाखेतली) आज जिवंत असलेली एकमेव जात आहे. तिचे बाकीचे नातलग बाल्टिक अंबरमध्ये (झाडांच्या गोठून दगड झालेल्या डिंकात) आणि इतर ठिकाणी जीवाश्म होऊन पडलेत. फ्रेंच कोळी-अभ्यासक यूजीन सिमोंने १८९२ साली श्रीलंकेत गोळा केलेल्या मुंग्यांवरून इटालियन कीटकतज्ज्ञ कार्लो एमेरीने १८९३ मध्ये तिला नाव दिलं. मग १९५५ मध्ये अमेरिकन मुंगीतज्ज्ञ एडवर्ड विल्सनला ती रत्नपुराच्या परिसरात पुन्हा सापडली. म्हणजे तुमची जागा योग्य आहे, त्यामुळे मीही आशेवर आहे.

नव्या जातीचं म्हणाल, तर वर्णन फोटोवरून होत नाही. मुंगी अल्कोहोलमध्ये ठेवायची, मग कागदाच्या छोट्या त्रिकोणाच्या टोकावर चिकटवायची. डोक्याची लांबी-रुंदी मोजायची, जुन्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहायची. नाव ज्यावर बेतलं तो नमुना संग्रहालयात कायमचा राहतो. चिठ्ठीवर ठिकाण, उंची, तारीख आणि ‘कुजक्या काटकीत’ हे दोन शब्दही हवेत. माझ्या हाती एकदा सुंदर जपलेल्या मुंग्यांची बाटली आली होती, चिठ्ठी नसलेली. त्या कुठल्या, हे कोणीच सांगू शकलं नाही. अजून हळहळ वाटते.

तिथली मुंगी मात्र परवानगीशिवाय उचलू नका. वन आणि वन्यजीव खात्याचा लेखी परवाना लागतो, आणि ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. काटकी उघडली असेल तर होती तशी परत ठेवा. पुढच्या खेपेला बाजूने, जमिनीशी कॅमेरा टेकवून फोटो घ्या आणि मला पाठवा.