खापर फोडलं की ठपका ठेवला?

मिरजेच्या एका मित्राने विचारलंय, पेपरात एके दिवशी 'महापुराचं खापर अलमट्टीवर' (म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणावर) असतं, दुसऱ्या दिवशी 'अधिकाऱ्यांवर ठपका', तिसऱ्या दिवशी 'महापुराला जबाबदार कोण?', तर हे सगळं एकच का? एकच नाही, चांगला घसघशीत फरक आहे.

खापर म्हणजे फुटक्या मडक्याचा तुकडा (खापरपणजोबांना यात ओढू नका). ते फुटतं कायम दुसऱ्याच्या डोक्यावर, आणि गंमत अशी की हा वाक्प्रचार वापरणाऱ्याने निकाल आधीच देऊन टाकलेला असतो, की ज्याच्यावर फोडलंय त्याचा दोष नाही, निदान तेवढा तरी नाही, आणि फोडणारा स्वतःची कातडी वाचवतोय. म्हणून 'मी तुझ्यावर खापर फोडतोय' असं कोण म्हणत नाही, 'माझ्यावर फोडू नका' असंच ऐकू येतं. 2019 च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीने सांगली-कोल्हापूरचा पूर अलमट्टीच्या फुगवट्यामुळे, म्हणजे धरणात अडलेलं पाणी मागे तुंबल्यामुळे, आला नाही असं म्हटलं, नदीकाठच्या कित्येकांना ते आजही पटत नाही. ज्याला पटलंय तो म्हणणार 'लोक अलमट्टीवर खापर फोडतात', ज्याला नाही पटलं तो म्हणणार 'अलमट्टीनंच घात केला'. त्यामुळे बातमीदाराने खापर लिहिलं की त्याने बाजू घेतलीच, भले त्याच्या ध्यानीमनी नसेल.

ठपका वरून खाली येतो. चौकशी समिती ठेवते, साहेब ठेवतो, लेखापरीक्षणात येतो. शिपाई कलेक्टरवर ठपका ठेवू शकत नाही, तो फार तर तक्रार करेल नाहीतर चहाच्या गाड्यावर शिव्या देईल. कोर्ट असेल तर ताशेरे. आणि गावाकडे अजून 'बोल' आहेच, 'हे बघा, उद्या मला बोल लावू नगा' हे वाक्य सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरावाच्या आधी हमखास येतं.

खरा घोळ 'जबाबदार'चा आहे. जबाब म्हणजे उत्तर, ज्याला उत्तर द्यावं लागतं तो जबाबदार. मग 'महापुराला अतिवृष्टी जबाबदार' हे कसं चालेल? पाऊस कुणाला उत्तर देणार? सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी 45 फूट आणि 2019 ला पाणी गेलं 57 च्या वर, त्याला पाऊस, धरणांचे विसर्ग, पूररेषेच्या आतली बांधकामं हे सगळं कारणीभूत धरा हवं तर. पण जबाबदार म्हणायचं तर माणूस पाहिजे, ज्याने बांधकामाला परवानगी दिली तो, गेट कधी उघडायचं हे ज्याच्या हातात होतं तो. उलटंही बघा. 26/11 नंतर डिसेंबर 2008 मध्ये आमच्या तासगावच्या आर. आर. आबांनी गृहमंत्रिपद सोडलं, हल्ल्याला ते कारणीभूत थोडेच होते, पण खातं त्यांचं होतं. 1956 साली अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला तोही असाच, गाडी काय ते चालवत नव्हते. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी टाकले की बातमी वाचून धरणावर चिडायचं का माणसावर हेच कळत नाही, आणि जबाबदार माणसाला तेच पाहिजे असतं.

तू विचारलं नाहीस पण सांगतो, मला या सगळ्यापेक्षा '-ण्यात आला' जास्त खटकतं. 'कोयनेतून विसर्ग वाढवण्यात आला', 'इशारा देण्यात आला', 'पंचनामे करण्यात आले नाहीत'. कुणी? कर्ताच गायब, मग जबाबदार कुणाला धरणार. आपल्या बोलीत ही सोय आधीपासून आहे, पोरगं कप फोडून 'फुटला' म्हणतं, फार दाबलं तर 'माझ्या हातनं फुटला'. 'मी फोडला' कोण म्हणतंय! पण निदान त्या 'हातनं'मध्ये हात तरी दिसतो, सरकारी पत्रकात तोही नाही.

तर पेपरवाल्यांनी तिन्ही शब्द वापरावेत, फक्त दोष खोटा लादलाय असं म्हणायचं असेल तरच खापर, चौकशीत ठरलं असेल तर ठपका, नुसता कुणीतरी आरोप केला असेल तर सरळ आरोप. आणि धरण, पाऊस, गाळ यांच्यापुढे कारणीभूत लिहायला एका शब्दाची जागा जास्त लागत नाही.