कॉलेजमधले कार्यक्रम, ऑडिशन, फॉर्मच्या तारखा वेळेवर कशा कळतील?

प्रश्न विचारणारा मुलगा लातूरकडून पुण्यात एफवायला आलाय आणि म्हणतोय की कुठला कार्यक्रम कधी, ऑडिशन कधी, फॉर्म कधी, काहीच वेळेत कळत नाही, कळतं तेव्हा तारीख उलटून गेलेली असते. मी पण अशीच बार्शीहून पुण्यात बीएस्सीला आले होते त्यामुळे वाचून राहवलं नाही. वयाने मोठी आहे म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

आधी मुद्द्याचं सांगते, नोटीस लागायची वाट बघायचीच नाही. कॉलेजचं वर्ष दरवर्षी साधारण त्याच क्रमाने फिरतं, नोटीस मात्र बऱ्याचदा शेवटच्या चार-पाच दिवसांत लागते, कारण विद्यापीठाचं परिपत्रक आधी प्राचार्यांच्या टेबलावर जातं, तिथून त्या-त्या सरांकडे, मग टाइप होऊन सही-शिक्का होऊन बोर्डावर. तोपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते. त्यामुळे कुठल्या महिन्यात काय येतं हे एकदा डोक्यात बसलं की तू आधीच जाऊन विचारू शकतोस.

आता तू पुण्यात आहेस म्हणून पुण्याचंच सांगते. जुलै-ऑगस्ट म्हणजे पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते, सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात. प्राथमिक फेरीला ५१ संघ आणि त्यातून ९ अंतिम फेरीला. प्रयोग ऑगस्टमध्ये असतात पण तालमी त्याच्या कितीतरी आधी चालू होतात, म्हणजे ऑडिशन कॉलेज उघडल्या-उघडल्याच होतात, आणि एफवायची पोरं तेव्हा अजून वर्गच शोधत असतात. आमच्या वेळी ऑडिशनची कसली नोटीस नि कसलं काय, दुसऱ्या मजल्यावर एका वर्गात बाक मागे ढकललेले, फरशीवर खडूने स्टेजची चौकट आखलेली, आणि दारातून डोकावलं तर एक सीनियर म्हणाला, "काय गं, वाचतेस का?" बस, एवढंच. मी काही अभिनयात निवडले गेले नाही, बॅकस्टेजला गेले, लेव्हल म्हणजे स्टेजवरचे लाकडी चौथरे उचलले, प्रॉपर्टी म्हणजे नाटकातलं सामान सांभाळलं, आणि ज्या दिवशी भरतमध्ये पडदा उघडायच्या आधी अंधारात बाहेरून "अरे आवाज कुणाचा" ऐकलं तो दिवस मी अजून विसरलेली नाही. पुण्यात लोक ही स्पर्धा किती मनावर घेतात ते बघायचं तर २०२२ आठव, त्या वर्षी परीक्षकांनी पहिल्या क्रमांकाचा करंडक कुणालाच द्यायचा नाही असं ठरवलं आणि गावभर त्यावर वाद झाले. मला विचारशील तर एवढ्या पोरांची तीन-तीन महिन्यांची मेहनत बघता तो निर्णय फार कठोर होता.

नाटक जमत नाही असं वाटत असेल तर फिरोदिया करंडक डोळ्यासमोर ठेव, तो साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. त्यात एकाच प्रयोगात गाणं, नाच, वाद्यं, अभिनय, चित्रकला सगळं येतं, चालू प्रयोगात स्टेजवर कुणीतरी कॅनव्हास रंगवत असतं. ढोलकी, बासरी, रांगोळी, सुतारकाम, तुला जे येत असेल ते तिथे लागतं. तयारी दिवाळीनंतर चालू होते, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीला गावी जायच्या आधी आर्ट सर्कलच्या, म्हणजे कॉलेजच्या कलामंडळाच्या, कुणाकडे तरी नाव देऊन जा.

एनएसएसची, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेची, नोंदणी पण जुलै-ऑगस्टमध्येच होते आणि जागा भरल्या की संपलं. दोन वर्षांत २४० तास काम आणि गावात ७ दिवसांचं निवासी शिबिर. एनसीसी वेगळं, त्याची निवड वर्षाच्या सुरुवातीलाच होते आणि सी सर्टिफिकेट, म्हणजे त्यातलं सगळ्यात वरचं, हवं असेल तर पहिल्या वर्षीच शिरावं लागतं, एसवायला जाऊन जाग आली तर पंचाईत होते. संशोधनाची आवड असेल तर आविष्कार नावाची स्पर्धा असते, आधी कॉलेज, मग विद्यापीठ, मग राज्य पातळी, त्यात पदवीच्या मुलांचा वेगळा गट असतो, पण पोस्टर आणि मॉडेल करायला वेळ लागतो म्हणून विषय आधीच ठरवून सरांना भेट. गॅदरिंग, ट्रॅडिशनल डे वगैरे तुला न विचारता कळतील, त्यांची काळजी नको.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले ते. कार्यक्रम चुकला तर पुढच्या वर्षी येतो, फॉर्म चुकला तर पैसे आणि वर्ष जातं. एफवायला माझा स्कॉलरशिपचा फॉर्म राहिला. आमच्या कॉलेजात ऑफिसबाहेर काचेची पेटी होती, छोटं कुलूप असलेली, आणि नवीन नोटीस जुनीवरच टोचायचे. स्कॉलरशिपची नोटीस क्रिकेट सिलेक्शनच्या कागदाखाली दबलेली, खालची फक्त एक ओळ दिसत होती. मला कळलं तेव्हा पाच दिवस उरलेले आणि उत्पन्नाचा दाखला काढलेलाच नव्हता, बाबा सेतू केंद्रात हेलपाटे घालत राहिले पण दाखला हातात आला तोवर मुदत संपली. त्या वर्षीची फी बाबांनी सोसायटीतून कर्ज काढून भरली. मला ते अजून लागतं.

म्हणून तू आत्ताच उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, रहिवासी दाखला काढून ठेव आणि बँक खातं आधारला जोडलंय का ते बँकेत जाऊन बघ. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या साइटवर, सगळं तेच मागतात. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर खुल्या प्रवर्गालाही राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून फीची सवलत मिळते, कोर्सला लागू आहे का ते स्कॉलरशिपच्या खिडकीवर विचार. परीक्षेच्या फॉर्मचं पण तसंच, मुदत गेली की लेट फी, आणखी गेली की त्याहून जास्त. त्यासाठी कॉलेजच्या ग्रुपवर विसंबू नकोस, दोनशे गुड मॉर्निंगमध्ये एक पीडीएफ वाहून जाते. विद्यापीठाच्या साइटवर परिपत्रकं असतात, आठवड्यातून एकदा स्वतः बघायची.

आणि शिपाई काकांशी ओळख ठेव, अगदी मनापासून सांगते. पेटीची किल्ली त्यांच्याकडे असते, कागद आधी त्यांच्या हातात येतो. आमचे काका एसवायपासून मला जिन्यातच थांबवून सांगायचे, "पोरी, स्कॉलरशिपचं आलंय बघ." नंतरची दोन्ही वर्षं माझा फॉर्म पहिल्या आठवड्यात गेला.

एक राहिलंच, मार्चच्या सुमारास सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजची रेगाटा, म्हणजे होड्यांचा कार्यक्रम, असते, मुळा नदीवर, १९२८ पासून चालत आलेली. तुझं कॉलेज दुसरं असलं तरी बघायला जा. संध्याकाळी पाण्यावर होड्यांची रचना आणि मशाली दिसतात. पहिल्या वर्षी होस्टेलच्या मैत्रिणीबरोबर गेले होते, गाव सोडून आल्यापासून तोवर पुणं मला परकंच वाटत होतं, त्या संध्याकाळी पहिल्यांदा तसं वाटलं नाही.