जॅमच्या रेसिपीत ४ कप स्ट्रॉबेरी म्हटलंय, म्हणजे वजनात किती?

तुम्ही लिहिलंय की महाबळेश्वरहून २ किलो स्ट्रॉबेरी आणलीय, रेसिपी अमेरिकन आहे, तिच्यात ४ कप स्ट्रॉबेरीला ४ कप साखर सांगितलीय, आणि घरात वजनकाटा आहे पण मापाचे कप नाहीत. आधी मला एक सांगा, रेसिपीत स्ट्रॉबेरी अख्खी म्हटलीय, चिरलेली की ठेचलेली? सगळं त्यावरच अडलंय.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांप्रमाणे एका कपात अख्खी स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम बसते. अर्धी चिरून भरली तर १५२, चकत्या केल्या तर १६६ आणि मिक्सरमधून काढली तर चक्क २३२. कप तोच, फळ तेच. डब्यात अख्खे लाडू मोजकेच बसतात, पण कुस्करून भरले की त्याच डब्यात बरेच मावतात, तसंच हे. मधली पोकळी गेली की वजन वाढतं. म्हणून 'एक कप फळ म्हणजे १५० ग्रॅम' असं कुणी सरसकट सांगितलं तर सोडून द्या. साखरेचा मात्र त्रास नाही, कपाला २०० ग्रॅम धरायची.

आता खरी गंमत स्वल्पविरामाची. इंग्रजी रेसिपीत '४ कप ठेचलेली स्ट्रॉबेरी' म्हटलं असेल तर ठेचून मग मोजायची, म्हणजे मिक्सरच्या आकड्याने साधारण ९२८ ग्रॅम. '४ कप स्ट्रॉबेरी, ठेचलेली' असेल तर अख्खी मोजून नंतर ठेचायची, म्हणजे फक्त ५७६ ग्रॅम. साखर दोन्हीकडे ८०० ग्रॅमच! समजा देठं आणि डागाळलेली फळं काढून तुमच्याकडे १,८०० ग्रॅम उरली. पहिल्या हिशेबाने साखर लागेल साधारण १ किलो ५५० ग्रॅम, दुसऱ्याने अडीच किलो. जवळजवळ एक किलोचा फरक.

मी पहिल्या वर्षी नेमकी इथेच गडबड केली होती. ठेचून मोजायची होती, मी हिशेब अख्खीचा धरला. पंधरा दिवसांत बरणीच्या तळाशी साखरेचे खडे जमले. तो जॅम पोळीला लावायला कुणी तयार होईना, शेवटी दुधात घालून घालून संपवला.

कप २३७ मिलीचा अमेरिकन की २५० मिलीचा, ही काळजी इथे नको. फळ आणि साखर एकाच कपाने मोजलीय, तेव्हा प्रमाण बदलत नाही. आपल्याकडे साखरांब्याला 'वाटीला दीड वाटी' चालतं ते याच कारणाने, वाटी कुठलीही घ्या. फक्त कैरीचा कीस दरवेळी सारखाच भरायचा, एकदा सैल आणि एकदा दाबून असं नको.

वजन साफ केल्यानंतरच करा, आणलेल्या २ किलोवर साखर मोजू नका. स्ट्रॉबेरीत पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारा फळातला घटक, कमी असतं, तेव्हा लिंबाचा रस वगळू नका. फळ वाढलं तसा तोही त्याच पटीत वाढवा. आणि एवढं सगळं एकाच पातेल्यात घालू नका, पाणी आटायला फार वेळ लागतो आणि रंग काळपट होतो. दोन घाणे करा.