जुने इंजिन चालवावे की जपावे?

प्रश्न : दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात पतियाळा संस्थानाची एकरुळी गाडी चालताना पाहिली; पण वाफेची इतर बहुतेक इंजिने जागच्या जागी उभी होती. दुरुस्तीवर खर्च होतोच, तर सगळीच पुन्हा चालू का करत नाहीत? (एक वाचक, मिरज)

उत्तर : अडचण मुख्यतः बॉयलरची असते. वरून रंगवलेले इंजिन धडधाकट दिसते, पण आतल्या नळ्या आणि भट्टीभोवतीचे पत्रे अनेक वर्षांच्या पाण्याने व गंजाने पातळ झालेले असतात, आणि ही झीज रंगाखालून दिसत नाही. म्हणून पत्र्याची जाडी जागोजाग मोजतात, नळ्या काढून बदलतात आणि मग बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून नेहमीपेक्षा अधिक दाबाखाली तपासतात. पाणी वाफेसारखे प्रसरण पावत नसल्याने या चाचणीत पत्रा फाटला तरी स्फोट होत नाही. यात नापास झालेल्या इंजिनाला जवळजवळ नवा बॉयलर घडवावा लागतो.

इथेच खरा पेच उभा राहतो. प्रत्येक नव्या भागाबरोबर जुन्या कारागिराच्या हाताची खूण, रिव्हेट ठोकण्याची पद्धत, कामातून झालेली झीज असा काही पुरावा कायमचा जातो. १८२९ सालचे स्टीफन्सन यांचे ‘रॉकेट’ इंजिन ब्रिटनने याच कारणासाठी चालते केले नाही. त्याच्यात पुढे झालेल्या बदलांसकट ते जपले आणि चालवून दाखवण्यासाठी १९७९ मध्ये वेगळी प्रतिकृती बनवली. ती बनवणारे माइक सॅटो हेच १९७७ मध्ये खुल्या झालेल्या दिल्लीच्या संग्रहालयाचे सल्लागार होते, आणि तुम्ही पाहिलेले एकरुळी इंजिनही त्यांनीच भंगारातून शोधून काढले होते. अमृतसरच्या रेल्वे कारखान्यात ते पुन्हा चालते झाले. दुसऱ्या बाजूला १८५५ सालचे ‘फेअरी क्वीन’ १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर आणले गेले आणि दिल्ली ते अलवर असे धावले. वाफेवर चालणारे यंत्र काय असते, हे नव्या पिढीला त्यामुळे कानांनी आणि नाकानेही कळले, हे मोठे काम आहे. तरीही माझे मत असे की, एकाच जातीची अनेक इंजिने उरली असतील तर त्यांतले एक चालवावे; जे एकुलते एक उरले आहे, त्याला हात लावताना संग्रहालयाने शंभरदा विचार करावा, आणि जो भाग बदलला त्याची छायाचित्रांसह नोंद करून मूळ भाग जपून ठेवावा.

प्रश्न : आमच्या स्थानकाबाहेरच्या जुन्या इंजिनाला दरवर्षी नवा रंग देतात. एवढे पुरेसे आहे का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : नाही. आधी छप्पर हवे. गंजावर चढवलेला रंग गंज थांबवत नाही, फक्त झाकतो. धुराड्यातून आणि पत्र्याच्या सांध्यांतून शिरलेले पावसाचे पाणी आतच साचते. धुराडे झाकणे, साचलेल्या पाण्याला वाट करून देणे आणि कबुतरांना आत शिरू न देणे, ही कामे रंगाच्या कितीतरी आधीची आहेत. लाकडी डब्यांच्या बाबतीत तर छप्पर हाच उपचार, कारण ओल धरलेला सागवानी सांगाडाही कालांतराने कुजतो. नवा रंग देण्यापूर्वी एका कोपऱ्यात जुने थर हळूहळू खरवडून मूळ रंग कोणता होता हे पाहावे. मात्र जुन्या रंगात शिसे असू शकते आणि बॉयलरच्या आवरणाखाली ॲस्बेस्टॉस, त्यामुळे उत्साही स्वयंसेवकांनी हे काम स्वतः करू नये.

प्रश्न : विजेच्या जुन्या इंजिनांना कोणी विचारते का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : विचारायलाच हवे. कल्याणकरांनी तर नक्कीच, कारण घाटात मालगाड्या ओढणारे ‘खेकडा’ इंजिन आपलेच आहे. १९२८ च्या सुमारास आलेल्या या जातीतले ‘सर लेस्ली विल्सन’ दिल्लीत आहे, तर दुसरे एक मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात. ज्या दीड हजार व्होल्टच्या एकदिश (डीसी) विजेवर ही इंजिने चालत, ती मध्य रेल्वेवर आता वापरात नाही. म्हणून त्यांना जपणे म्हणजे उभे जपणेच. वरळीला गेलात तर चाकांना जोडणारे दांडे अवश्य पाहा. वाफेच्या इंजिनासारखे दिसणारे हे दांडे इथे विजेच्या मोटारींची ताकद चाकांपर्यंत पोहोचवत असत.