एथिल अ‍ॅसिटेट ७७ ऐवजी ७१ अंशांनाच का उकळतंय?

तुम्ही साताऱ्याहून विचारलंय की बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला बनवलेलं एथिल अ‍ॅसिटेट सोडियम कार्बोनेटनं धुतलं, सुकवलं, दोनदा डिस्टिल केलं, तरी पारा ७१-७२ सोडत नाही. थर्मामीटर बदलू का? नका बदलू. थर्मामीटर बरोबर आहे, तुमच्या एस्टरमध्ये, म्हणजे अल्कोहोल आणि अ‍ॅसिडपासून बनवलेल्या या एथिल अ‍ॅसिटेटमध्ये, अल्कोहोल (इथेनॉल) राहिलंय.

मी सांगलीत एका कॉलेजात बरीच वर्षं लॅब असिस्टंट होतो. दर बॅचला दोन-तीन पोरं हाच आकडा घेऊन यायची. एस्टर उकळतं ७७.१ अंशांना, इथेनॉल ७८.४ला. मग मिश्रण त्यांच्या मधेच कुठेतरी उकळेल असं वाटतं. पण ही जोडी एकत्र आली की ७१.८लाच उकळते आणि वाफेत साधारण ६९ भाग एस्टर, ३१ भाग अल्कोहोल असतं. हाच अ‍ॅझिओट्रोप, म्हणजे ठरावीक प्रमाणात एकत्रच उकळणारं, डिस्टिल करून वेगळं न होणारं मिश्रण. पाणीही राहिलं असेल तर ७०.२. अल्कोहोल थोडंच असतं तर ते आधी निघून गेलं असतं आणि पारा ७७कडे चढला असता. तुमचा चढतच नाही, म्हणजे भरपूर उरलंय. आणखी दहा वेळा डिस्टिल केलंत तरी तेच.

कार्बोनेटनं फक्त अ‍ॅसिड जातं. अल्कोहोल काढायला कॅल्शियम क्लोराइडचं दाट द्रावण लागतं, वजनाला पाणी तितकंच क्लोराइड. ते अल्कोहोलला धरून खालच्या थरात घेऊन जातं. नुसत्या पाण्यानं का नाही? १०० मिली पाण्यात आठेक ग्रॅम एस्टरच विरघळून जातं. द्रावण करताना बीकर चांगलाच तापतो. थंड होऊ द्या, मगच सेपरेटिंग फनेलमध्ये (खाली तोटी असलेलं, थर वेगळे करायचं भांडं) ओता.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. कार्बोनेट पूर्ण न काढता कॅल्शियम क्लोराइड ओतलं आणि फनेलमध्ये दही लागलं! कॅल्शियम कार्बोनेट. थर वेगळे होईनात, गाळता गाळता निम्मं एस्टर उडालं. तेव्हापासून दोन्हींच्या मधे मिठाच्या संपृक्त पाण्यानं एकदा धुवायचंच. कार्बोनेटच्या वेळी फनेल उलटा धरून तोटी उघडत राहा, गॅस साठला तर बूच उडतं.

स्पिरिट, म्हणजे इथेनॉल, कुठलं वापरलंत? आमच्याकडे मळीपासूनचं रेक्टिफाइड स्पिरिट यायचं, कुलपातलं, रजिस्टरवर सही करून. त्यात पाचेक टक्के पाणी असतं, आणि ही अभिक्रिया उलटीही फिरते, त्यामुळे एस्टर कमी पडतं. अ‍ॅब्सोल्यूट, म्हणजे जवळजवळ पाणी नसलेलं, मिळालं तर बघा.

आता हातातलं मिश्रण फेकू नका. कॅल्शियम क्लोराइडनं दोनदा धुवा आणि निर्जल सोडियम सल्फेटवर अर्धा तास ठेवा. सुकवायला कॅल्शियम क्लोराइडचे खडे नकोत, ते थोडं एस्टरही धरतात. मग वॉटर बाथवर डिस्टिल करा, बर्नर जवळपासही नको. याची वाफ उणे ४ अंशांनाही पेट घेऊ शकते. एप्रिलात आमच्या नळाचं पाणीच कोमट यायचं, कंडेन्सर नावाला. म्हणून खालचा फ्लास्क बर्फात बुडवायचो. ७६ ते ७८मधलं वेगळं धरा. त्याआधीचं दुसऱ्या बाटलीत ठेवा, पुढच्या बॅचबरोबर परत धुता येतं.