कलम फुटलं, मग वाळलं का?

प्रश्न : जुलैत रायवळच्या (गावठी आंब्याच्या) कोवळ्या रोपांवर हापूसच्या काड्या जोडून 40 कोयकलमं बांधली. तीन आठवड्यांत बहुतेक फुटली, तांबूस पानंही आली. मग निम्म्यांनी माना टाकल्या. असं का?

उत्तर : फुटणं वेगळं आणि सांधणं वेगळं. काडी स्वतःत साठवलेल्या अन्नपाण्यावरही फुटते. पानं उलगडली की त्यांतून पाणी उडू लागतं. खालून पुरवठा सुरू झाला नसेल, तर ही शिदोरी संपताच फूट वाळते.

कापावरच्या पेशी मरतात, त्यांचा तपकिरी पापुद्रा होतो. त्यामागच्या जिवंत पेशी वाढून पांढरट, मऊ कॅलस तयार होतो आणि फट भरते. कॅलसमध्ये नळ्या नसतात, पाणी पेशीपेशींतून झिरपत जातं. एवढ्यावर पानं तगत नाहीत. साल आणि लाकूड यांच्यामध्ये कँबियमचा निसरडा, पातळ थर असतो. खुंटाचा, म्हणजे खालच्या रायवळ रोपाचा, आणि काडीचा हा थर कॅलसमधून एकमेकांना मिळाला, की आतल्या अंगाला पाणी-क्षार वर नेणाऱ्या जलवाहिन्या आणि बाहेरच्या अंगाला पानांतली साखर खाली नेणाऱ्या रसवाहिन्या जोडल्या जातात.

काडी खुंटापेक्षा बारीक असताना तिची पाचर, म्हणजे तासलेलं टोक, खुंटाच्या चिरेत मधोमध बसवली, तर दोन्ही कडांचा कँबियम चुकतो. ही चूक फार होते. पाचर एका कडेला सरकवा, सालीला साल भिडू द्या. 4 ते 5 सेंमीचा काप धारदार चाकूनं एका ओढीत घ्या. खडबडीत कापात पोकळ्या राहतात. पट्टी खालून वर, ताणून बांधा. काडी 3-4 महिन्यांची हवी. आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटली, की डोळे टपोरे होतात.

वाळलेली दोन-चार कलमं उकलून बघा. काप काळा पडून ओलसर असेल तर पावसाचं पाणी शिरलं. कोरडा, तपकिरी आणि कॅलसविना असेल तर बांधणी सैल होती.

प्रश्न : रायवळच्या खुंटामुळे हापूसचं फळ बदलतं का?

उत्तर : जात बदलत नाही, सांध्याच्या वर हापूसच राहतो. पण वाहिन्यांतून संप्रेरकं, प्रथिनं, आरएनएचे रेणूही ये-जा करतात, त्यामुळे खुंटाचा झाडाच्या जोमावर आणि उंचीवर परिणाम होतो. सांध्याखालचे फुटवे मात्र दिसताच खुडा. मुळांचं पाणी त्यांना थेट मिळतं, सांध्यापलीकडच्या काडीला ते उरत नाही.